बालीगंजचा सुधाकर

अकोला
१२ जून २०२५

चि. शरद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. बाजारभाव, उकाडा, पाठदुखी असं सगळं पानभर लिहून शेवटी सही करायच्या आधी तू एक ओळ टाकतोस, "घरी एक इग्वाना आणला आहे." मला आधी वाटलं, पाणी गाळायचं काहीतरी यंत्र असेल. शेजारच्या अनुजाला म्हटलं, बाई, जरा मोबाइलवर बघून दे. तिनं दाखवलं आणि मी खुर्चीत बसले. शरद, तो सरडा आहे रे! चांगला मांजराएवढा, पाठीवर काटे, गळ्याखाली लोंबती पिशवी. अनुजा म्हणते, "मावशी, क्यूट आहे." तिला काय जातंय?

हे फोनवरच सुनावणार होते, पण फोन कानाला लावला की माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू तिकडे नुसता "हॅलो हॅलो" करत बसतोस. म्हणून कागदावर सुनावते.

सुमन गेल्याला सव्वा वर्ष झालं. एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये तू एकटा, तुम्हाला मूलबाळ नाही, सोबतीला काहीतरी हवं हे मलाही कळतं. मीच म्हटलं होतं ना, कुत्रा पाळ? कुत्रा शेपूट हलवतो, दारावर कोणी आलं तर भुंकतो, तुला रात्रीबेरात्री काही झालं तर आरडाओरडा तरी करेल. हा तुझा प्राणी काय करेल? बघत बसेल!

खरं सांगू का, कुत्राही नको आणि सरडाही नको. तू सरळ इकडे निघून ये. वरची खोली मी रंगवून घेतली आहे, पंखा नवीन बसवला आहे. माझा अनीश काही आता कॅनडाहून परत येत नाही, त्याची खोली रिकामीच आहे. तुला दोन वेळचं गरम जेवण घालीन. बँकेनं तुला कलकत्त्याला पाठवलं तेव्हा तीन वर्षांत परत येतो म्हणाला होतास. त्याला किती वर्षं झाली ते मोजायला मला लावू नकोस.

पाऊस जोर धरायच्या आत ये.

तुझी,
ताई


बालीगंज, कोलकाता
२१ जून २०२५

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. तुझी बोलणी पोचली, अगदी ताजी ताजी.

आधी नाव सांगतो, म्हणजे तुझं रागावणं एकदाच होऊन जाईल. त्याचं नाव सुधाकर. आमच्या झोनल ऑफिसात सुधाकर साहेब होते, तुला आठवतील, सुमनच्या हातची पुरणपोळी खाऊन ज्यांनी माझी एक बदली रद्द केली होती. ते तासन्‌तास हालचाल न करता बसायचे आणि मधेच, कोणी काही विचारलेलं नसताना, तीनदा मान डोलवायचे. हा अगदी तसंच करतो. पहिल्याच दिवशी त्यानं मान डोलवली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "येस सर."

आता तो आला कसा ते ऐक. आमच्या महाराष्ट्र मंडळात सुयश आणि चैत्राली म्हणून एक जोडपं येतं, न्यू टाउनला आयटीत आहेत. पोरं चांगली आहेत. त्यांच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर लॅब्रेडॉर, नाहीतर ते चपट्या नाकाचं धापा टाकणारं काहीतरी. सुयश म्हणाला, "काका, आम्हाला जरा वेगळं हवं होतं." म्हणून इग्वाना घेतला. तेव्हा तो तळहातावर मावायचा. मित्रमंडळी त्याला खांद्यावर घेऊन फोटो काढायला यायची. मग तो वाढला. त्यानं दोन-चार जणांना शेपटीचे फटके दिले. फोटोवाले यायचे बंद झाले. मग यांची हैदराबादला बदली निघाली आणि तिथला घरमालक नाही म्हणाला. चैत्राली मंडळात रडवेली होऊन एकेकाला विचारत होती, आणि जो तो चहाच्या कपात बघत होता. मी हो म्हटलं. सरकारी नोंदणी रीतसर माझ्या नावावर करून घेतली आहे, ती काळजी करू नकोस.

तू विचारतेस, कुत्रा का नाही? कुत्रा माझ्या अंगावर येऊन चाटेल, ताई. शेजारीपाजारी सगळे त्याचे लाड करतील. चांगलाच असतो कुत्रा, मी कुठे नाही म्हणतो? पण मला हाच बरा वाटला.

आता अकोल्याचं. तू एवढी खोली रंगवलीस, मला फार वाटलं. पण सुधाकरला सोडून येता येत नाही. त्याला सकाळी शेवग्याचा पाला, लाल भोपळा किसून, वर एक जास्वंदीचं फूल लागतं. दिवसभर विशिष्ट दिवा लागतो, त्याखाली ऊब मोजावी लागते, अंगावर पाणी फवारावं लागतं. हे सगळं कोण करणार? दिवाळीनंतर बघू.

तब्येतीला जप. उन्हात गच्चीवर पापड घालायला जाऊ नकोस.

तुझा,
शरद


अकोला
८ जुलै २०२५

चि. शरद,
आशीर्वाद.

"दिवाळीनंतर बघू" हे तुझं लहानपणापासूनचं आहे. अभ्यास दिवाळीनंतर, मुंज दिवाळीनंतर, लग्नसुद्धा दिवाळीनंतर.

मी अनुजाकडून माहिती काढली. हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो म्हणे! तुझं वय काय, शरद? अडुसष्ट. म्हणजे तू अठ्ठ्याऐंशीचा होईस्तोवर भोपळा किसत बसणार. मला तर उलट शंका येते आहे. तुला इकडे यायचं नाही, आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून तू मुद्दाम असं काहीतरी आणलंस की जे दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारता येणार नाही. कुत्रा असता तर कोणीही ठेवून घेतला असता आणि तुझं निमित्त संपलं असतं. खोटं असेल तर तसं लिही.

माझं म्हणशील तर ठीक आहे. मध्ये नागपूरला एक चक्कर झाली, थोडं काम होतं. हल्ली जरा लवकर थकायला होतं, पण तेवढं चालायचंच.

बरं, तू येत नाहीसच तर निदान एक ऐक. गेल्या वर्षी सुमनचं वर्ष होतं म्हणून गणपती बसला नाही. यंदा बसव. आणि बसवशील तर नीट बसव. दोन दुर्वा, एक फूल टाकून मोकळा होऊ नकोस. सुमन कलकत्त्यात राहून सगळी पत्री गोळा करायची, एकवीसच्या एकवीस, मला पत्रातून कळवायची कुठलं पान कुठल्या गल्लीत मिळालं. माका, बेल, शमी, धोतरा, रुई, कण्हेर, अर्जुन, सगळं. तेवढं तिच्यासाठी कर. मी रागावून सांगते आहे असं वाटेल, पण रागावून सांगत नाही. घरात पूजा झाली की घर घर वाटतं, शरद. मला इथे बसून तेवढंच सांगता येतं.

तुझ्या साहेबाला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नको, तो माझ्याकडे मान डोलवील.

ताई


बालीगंज, कोलकाता
२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

पत्राला उशीर झाला. सुधाकर मरता मरता राहिला. अजून धोक्यातून पूर्ण बाहेर आलेला नाही.

तू सांगितलंस तशी पत्री आणली. आठवडाभर तोच उद्योग. गरियाहाट मार्केटातला फुलवाला हसायला लागला, "दादा, बेलपाता समजलं, पण धुतुरा तर शिवाचा, गणेशाला कशाला?" कण्हेर मागच्या गल्लीतल्या घोषबाबूंच्या कुंपणावरून मागून आणली, रुई रेल्वेलाइनच्या कडेनं तोडली. चतुर्थीला बरोबर एकवीस पानं वाहिली. सुमनची चौरंगावरची नक्षीची पट्टी काढली. ताई, खरंच घर घर वाटलं, तुझं म्हणणं खरं होतं.

दीड दिवसानं उत्तरपूजा झाली. निर्माल्य समोर होतं. सुमन ते टोपलीत भरून गंगेला न्यायची. मी त्या हिरव्या पानांकडे बघितलं आणि सुधाकरकडे बघितलं. तो जिभेनं हवा चाखत होता. मनात आलं, देवाचा प्रसाद आहे, पालाच आहे, आणि हा पालाच खातो. दररोज त्याच्या ताटलीत काय पडतं ते मी निरखून बघणारा माणूस! पालक देत नाही, कांदा देत नाही. पण देवाला वाहिलेल्या पानात विष असेल असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी स्वतःच्या हातानं त्याला पत्री घातली. वर "मोरया" म्हणालो.

तासाभरात त्याचं तोंड उघडं पडलं. मान लुळी झाली, फेस आला, रंग काळपट पडला. इथे बेहाला भागात डॉक्टर कादंबरी सेन म्हणून एक तरुण बाई आहेत, त्या असले प्राणी बघतात. त्याला सुमनच्या शालीत गुंडाळलं, टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यानं बघितलं आणि "ओरे बाबा!" म्हणून दारच उघडलं नाही. दुसरी केली. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय खाल्लं? मी एकेक पान सांगत गेलो. कण्हेर म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं, धोतरा म्हटल्यावर माझ्याकडे नुसतं बघितलं. "काकाबाबू, हे तुम्ही पूजेला वापरता? सगळं एकत्र?" त्याचं पोट धुतलं, कोळशाची पूड पाजली, सलाइन लावलं. कण्हेरीची दोनच पानं पोटात गेली होती म्हणून निभावलं असं त्या म्हणाल्या.

मला तुझा राग आला होता, ताई, लपवत नाही. टॅक्सीत बसून मी तुला मनात खूप बोललो. मग लक्षात आलं की पानं वाहायला तू सांगितलीस, खायला घालायला नाही. तो उद्योग माझा.

तेव्हापासून तो घरी आहे आणि मी त्याच्यापाशी. थेंबथेंब पाणी पाजतो, कूस बदलतो, दिवा जवळ-लांब करतो. आणि हे करताना तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. मुद्दाम निमित्त आणलंस का, असं तू विचारलं होतंस. अर्धं खरं आहे. दुसरं कोणी त्याला ठेवून घेणार नाही म्हणूनच मी त्याला घेतला. पण तुला टाळायला नव्हे.

सुमन तीन वर्षं अंथरुणावर होती. तिचं जेवण मी वाटून द्यायचो, औषधं, कूस बदलणं, केस विंचरणं, सगळं. ती गेली आणि माझे हात रिकामे झाले. लोक म्हणाले, सुटलास, आता आराम कर. त्या शब्दाची मला अजून चीड आहे. तू कुत्रा पाळ म्हणालीस, तो मला सोबत करील, माझी राखण करील म्हणून. मला राखण नको आहे, ताई. कोणी माझा सांभाळ करायला नको आहे. मला कोणीतरी सांभाळायला हवं आहे. ज्याला माझ्यावाचून कोणी नाही, असं. कुत्र्यावर सगळेच जीव लावतात. याच्यावर कोण लावणार?

तो राहील ना गं?

शरद


अकोला
६ सप्टेंबर २०२५

चि. शरद,

पत्र वाचलं. मी मेली कशाला त्या पत्रीचा हट्ट धरून बसले! ती पानं विषारी असतात हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. लहानपणी आई कण्हेरीला हात लावला तरी हात धुवायला लावायची. धोतऱ्याचं तर सांगायलाच नको. पण पूजेची पत्री म्हटली की डोकं दुसरीकडेच जातं. देवाला चालतं, तेवढंच आपण बघतो.

काल अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. अनुजानं विचारलं, मावशी, अनीशचा वाढदिवस का? म्हटलं, नाही गं, कलकत्त्याला एक सुधाकर आजारी आहे. ती म्हणाली, कोण, नातेवाईक का? म्हटलं, हो. एका सरड्यासाठी मी गणपतीपुढे पदर पसरला, ही गोष्ट चारचौघांत सांगितलीस तर बघ.

तू जे लिहिलंस ते मी खूपदा वाचलं. तू सुमनचं किती करत होतास ते मला माहीत होतं, पण तुला ते हवं होतं हे माहीत नव्हतं. मीही दीड वर्षापूर्वी तुला म्हणाले होते, सुटलास बाबा. तो शब्द परत घेते.

एक विचारू? रागावू नकोस. सुमनला ते कसं वाटायचं रे? तू तिचं सगळं करायचास, अंग पुसायचास, कपडे बदलायचास. तिला लाज वाटायची का? आपण कोणाच्या तरी हातावर पडलो, असं वाटून ती चिडायची का? तुला कधी बोलली असेल तर मला लिही. खरं लिही, माझं मन राखायला म्हणून काहीतरी लिहू नकोस.

सुधाकरचं कळव. लगेच कळव.

ताई


बालीगंज, कोलकाता
९ सप्टेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

आधी बातमी. काल सकाळी त्यानं जास्वंदीची पाकळी खाल्ली. मग दुसरी. मग मान डोलवली, तीनदा. मी "येस सर" म्हटलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडलो. डॉक्टरबाई म्हणतात, धोका टळला. तुझी आवर्तनं लागू पडली, हे त्यांना सांगितलं नाही.

आता तुझा प्रश्न. खरं लिही म्हणतेस, तर खरं लिहितो. सुमनला फार जड गेलं. पहिलं वर्ष तिनं मला नुसतं पिडलं. बाई लावा म्हणायची. बाई आली की तिला घालवून द्यायची. मी अंग पुसायला गेलो की तोंड फिरवून घ्यायची. एकदा तिनं वाटी फेकून मारली. मी चुकत नव्हतो असं नाही, मीही घाईघाईनं उरकायचो, ऑफिसच्या फाइली उरकाव्यात तसा.

मग एक दिवस ती आपणहून म्हणाली, "आज केस धुवून द्या." एवढंच. मी पाणी तापवलं. ती डोळे मिटून पडून राहिली आणि तिनं डोक्याचा सगळा भार माझ्या हातावर टाकला. ताई, आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला इतकं जवळ कधी घेतलं नव्हतं. लोक म्हणतात, मी तिचं केलं. करू दिलं तिनं. ते जास्त अवघड होतं, आणि ते तिनं माझ्यासाठी केलं. पुढची दोन वर्षं आम्ही पुष्कळ हसलोसुद्धा.

आता माझा प्रश्न. तू हे का विचारलंस? मी तुझी जुनी पत्रं काढून पुन्हा वाचली. तू नागपूरला कसल्या कामाला गेली होतीस? तुझं नागपूरला काय काम? लवकर थकायला होतं म्हणजे काय? मला खोली रंगवून "ये, ये" म्हणतेस, ते नक्की कोणासाठी? मी एवढा मूर्ख कसा, भोपळ्याचं वर्णन लिहून पाठवत बसलो.

मी येतो. सुधाकरला डॉक्टरबाई ठेवून घेतील, मी विचारून ठेवलं आहे. लगेच हो म्हणाल्या, वर म्हणाल्या की त्यांच्या आईला तो आवडला आहे. म्हणजे त्याला माझ्यावाचून कोणी नाही, ही माझी समजूतच होती. तू फक्त हो म्हण, मी पहिल्या गाडीत बसतो.

शरद


अकोला
१३ सप्टेंबर २०२५

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद. सुधाकरलाही.

तुझं पत्र मिळालं. सुमनचं ते वाचलं, आणि मग आता लपवण्यात काही अर्थ नाही असं वाटलं.

छातीत गाठ आहे. मे महिन्यात हाताला लागली. नागपूरला तपासणी केली ती हीच. वाईट आहे, पण वेळेत सापडली आहे असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन करायचं आहे, आणि नंतर कितीतरी महिने औषधं. मी आज करू, उद्या करू म्हणत ढकलत होते. डॉक्टर माझ्यावर ओरडले. अनीशला काल सांगितलं. तो फोनवर रडला, ते माझ्या यंत्राच्या शिट्ट्यांतूनही कळलं. तो ऑपरेशनला येतो आहे, पण त्याची रजा किती दिवसांची असणार?

तुला "ये" म्हणत होते ते खोटं नव्हतं रे. पण पुरतं खरंही नव्हतं. माझा बेत असा होता की तू इकडे राहायला यावंस, मी तुला गरम पोळ्या वाढाव्यात, आणि घरात तू आहेस एवढ्या आधारावर मी हे गुपचूप उरकून टाकावं. तुला काहीतरी किरकोळ सांगितलं असतं. मी मोठी आहे, शरद. आई गेली तेव्हा तू सातवीत होतास. तुझे डबे मी केले, तुझा ताप मी काढला. मला तुझ्यासमोर आजारी पडायचं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

तू येतो म्हणतोस. येऊ नकोस. तू इथे आलास तर मी काही झोपून राहायची नाही. हे माझं घर आहे. तुला चहा हवा का, भाजीत मीठ आहे का, करत मी ओट्याशी उभी राहीन, टाके तुटले तरी. मला माझा स्वभाव चांगला माहीत आहे. तुझ्या घरात मला चहाचा डबा कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही. तिथेच मी पडून राहीन. म्हणून मीच येते. कलकत्त्यातल्या चांगल्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. नागपूरचे कागद बरोबर आणते.

मी भांडेन. आत्ताच सांगून ठेवते. वाटीसुद्धा फेकेन, माझा नेम चांगला आहे. सुमनला जे जमलं ते मला जमेल की नाही, माहीत नाही. पण प्रयत्न करीन. सुधाकरला डॉक्टरबाईंकडे धाडू नकोस. दुपारभर माझ्याकडे बघत बसायला कोणीतरी लागेल, आणि तो बोलत नाही ही फार चांगली गोष्ट आहे.

शनिवारी दुपारच्या गाडीनं निघते, रविवारी हावड्याला पोचेन. त्या दिवशी सर्वपित्री आहे. असल्या दिवसांत प्रवासाला निघू नये असं मीच आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. असू दे. तुमच्याकडे त्या दिवशी महालयाची गर्दी असेल, तू लवकर येऊन उभा राहा.

डब्याच्या पायऱ्या उंच असतात. आजवर मी उतरताना कोणाचा हात धरला नाही, तुझ्या भावजींचासुद्धा. या वेळी तू हात पुढे कर. मी धरीन.

तुझी,
ताई